निवडायला शिकणारी मुलं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत 'निवडणं' हा एकच शब्द दोन कामांसाठी वापरतात. सुपात तांदूळ घेऊन खडे बाजूला काढणं म्हणजे निवडणं, आणि बोटाला शाई लावून आपला प्रतिनिधी ठरवणं म्हणजेही निवडणंच. आमच्या घरात दखनी बोलली जाते. तिथे 'चुनना' या शब्दाची तीच गत आहे. अम्मी दुपारी डाळ चुनायची आणि मतदानाच्या दिवशी बुरखा सावरत उमेदवार चुनायला जायची. दोन्ही कामांना एकच क्रियापद का, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. मला पडला, कारण कवीला असले रिकामे प्रश्न पडतात.

आज मी बोलणार आहे ते यातल्या पहिल्या निवडण्याबद्दल. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू जुळवायला, वेगळ्या करायला, त्यांचे गट करायला शिकवतात, त्याबद्दल. शिक्षणाच्या पुस्तकांत याला 'वर्गीकरण' म्हणतात. बालवाडीच्या ताई साधं 'गट करणं' म्हणतात. बिया, बटणं, पानं, खडे असं काहीतरी टोपलीत घालून मुलांपुढे ठेवायचं आणि म्हणायचं, 'सारखे सारखे एकत्र ठेवा बरं.' पाहणाऱ्याला वाटतं, पोरांना गुंतवून ठेवलंय. पण या खेळामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडला आहे.

मी राहतो तुर्भ्याला. बाहेरच्या माणसाला तुर्भे म्हटलं की ट्रकच्या रांगा आठवतात, औद्योगिक वसाहत आठवते, नाहीतर घाऊक बाजार आठवतो. मुंबईतला कांदा-बटाट्याचा व्यापार आधी इकडे आला. भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची फळं १९९६ साली आली. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं आणि भाजी असे पाच बाजार वाशी आणि तुर्भ्याच्या मध्ये पसरले आहेत. शहराचा कचराही तुर्भ्याच्याच क्षेपणभूमीवर येतो. म्हणजे नवी मुंबईत जे खायचं ते आणि जे टाकायचं ते, दोन्ही आमच्या गावावरून जातं. आणि दोन्ही निवडावं लागतं.

कांद्याच्या गोण्या मोकळ्या झाल्या की निवडणाऱ्या बायका ढिगाभोवती बसतात. मोठा कांदा एकीकडे, गोल्टा दुसरीकडे, गोल्टी तिसरीकडे, चिंगळी आणखी वेगळी. जोड कांदा बाजूला, कोंब फुटलेला बाजूला, सडका तर हाताला लागताच बाहेर. डोळे दुसरीकडे आणि तोंडाने गप्पा चालू असल्या तरी हात चुकत नाहीत. मिरचीचे देठ खुडणाऱ्या आहेत, लसूण निवडणाऱ्या आहेत. कचरा वेचणाऱ्या बाया पुठ्ठा, रद्दी, पत्रा, काच वेगळी करतात, आणि प्लॅस्टिकमध्येही कडक कुठलं, मऊ कुठलं, हे चुरगळल्यावर येणाऱ्या आवाजावरून सांगतात. २००० साली घनकचऱ्याचे नियम आले, २०१६ साली ते नव्याने आले आणि ओला-सुका वेगळा करा, असं सगळ्या शहरांना सांगितलं गेलं. या बाया ते काम नियम येण्याआधीपासून करत होत्या.

तर प्रश्न असा आहे. ज्या मुलाची आई दिवसभर निवडते, त्या मुलाला बालवाडीत पुन्हा निवडायला कशासाठी शिकवायचं? बालवाडी त्याला असं काय देते, जे त्याच्या आईच्या ढिगाजवळ मिळत नाही?

उत्तर शोधायला थोडं मागे आणि थोडं लांब जावं लागेल.

फ्रान्समध्ये १८०० च्या सुमाराला जंगलात सापडलेला एक मुलगा पॅरिसला आणला गेला. त्याला बोलता येत नव्हतं. इटार्ड नावाच्या तरुण डॉक्टरने त्याला शिकवायला घेतलं. किल्ली, कात्री, हातोडा अशा वस्तूंची चित्रं भिंतीवर आणि प्रत्येक चित्राखाली तीच वस्तू ठेवायची, अशा जोड्या लावण्यापासून त्याने सुरुवात केली. इटार्डचा शिष्य सेगाँ याने मतिमंद ठरवलेल्या मुलांसाठी याच वाटेने साधनं तयार केली. या दोघांचं लिखाण पुढे रोममधल्या एका डॉक्टर बाईंनी बारकाईने वाचलं. त्यांचं नाव मारिया मॉन्टेसरी.

मॉन्टेसरीबाईंचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलं, ते श्रीमंतांच्या वस्तीत नव्हे. रोममधली सान लोरेंझो ही कामगारांची वस्ती. आई-बाप सकाळी कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुलं जिन्यात खेळत, भिंती घाण करत. इमारतींची देखभाल करणाऱ्या संस्थेला भिंतींची काळजी होती, म्हणून मुलांसाठी एक खोली मिळाली. आज मॉन्टेसरी हे नाव महागड्या शाळांच्या पाटीवर दिसतं, तेव्हा हे आठवून ठेवावंसं वाटतं.

त्या खोलीत बाईंनी इंद्रियशिक्षणाची साधनं वापरली. एकाच रंगाचे, एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन. रंगांच्या पट्ट्यांच्या जोड्या. रेशीम, लोकर, मखमल, सूत अशा कापडांचे तुकडे. हलवल्यावर वेगवेगळा आवाज करणाऱ्या डब्या. मुलांनी सारखं सारख्याशी जुळवायचं किंवा लहान-मोठ्या क्रमाने लावायचं. डोळे बांधून, नुसत्या स्पर्शाने वस्तू वेगळ्या करण्याचाही खेळ होता. त्यात मुलं गहू आणि तांदळासारखे बारीक दाणेही बोटांनी ओळखून वेगळे करत, असं बाईंनी लिहून ठेवलं आहे. आमच्या धान्यबाजारातल्या कुठल्याही हमालाला हे वाचून हसू येईल. पण रोमच्या विद्वानांना ते नवल वाटलं होतं.

या साधनांचं सूत्र एकच होतं: एका वेळी एकच गुण. दहा घनांचा रंग सारखा, आकार सारखा, फरक फक्त लहान-मोठेपणाचा. म्हणजे मुलाचं लक्ष भलतीकडे जात नाही. आणि चूक झाली तर ती साधनच दाखवतं. बाईंना रागवावं लागत नाही.

ही पद्धत आपल्याकडे आणली भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. गिजुभाई मूळचे वकील. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. १९२३ च्या सुमाराला ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, शिक्षणक्षेत्रात आधीच नाव झालेल्या. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. मराठी मध्यमवर्गाला 'बालवाडीतही शिकवतात' हे पटलं, ते बऱ्याच अंशी या कामामुळे.

पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. दादरची मुलं शिकत होती. खेड्यातल्या मुलांचं काय? गिजुभाई १९३९ साली गेले. १९४५ च्या अखेरीला ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला होत्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीला समाज एका ठरावीक कोपऱ्यात ठेवून मोकळा होत असे. अनुताई त्या कोपऱ्यात राहिल्या नाहीत, शिकल्या, शिक्षिका झाल्या. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या आणि अनुताई पस्तिशीच्या.

बोर्डीत दोन अडचणी आल्या. पहिली मुलांची. बालवाडी उघडली म्हणून सगळी मुलं येत नव्हती. घरी धाकटं भावंड सांभाळायचं, आई-बाप कामावर, अंगावर कपडा नाही. आणि अस्पृश्यता होतीच. तेव्हा ज्याला हरिजनवाडा म्हणत, तिथली मुलं गावातल्या शाळेत सहज येऊन बसतील अशी स्थिती नव्हती. त्यावर ताराबाईंनी काढलेला मार्ग पुढे देशभर गेला. मुलं शाळेकडे येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जायचं. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात जायचं, तिथेच मुलांची अंघोळ, नखं, केस करायचे आणि तिथेच शिकवायचं. 'अंगणवाडी' हा शब्द इथून आला. पुढे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा वारली मुलं गुरांमागे कुरणात जातात म्हणून शाळा कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा.

दुसरी अडचण साधनांची. मॉन्टेसरीची साधनं सुताराकडून नेमक्या मापाने घडवावी लागत. ती महाग. बोर्डीच्या अंगणात ती परवडणारी नव्हती, आणि शोभणारीही नव्हती. मग या दोघींनी हाताशी होतं ते घेतलं. समुद्रावरचे शंख-शिंपले, ओढ्यातले खडे, झाडांची पानं, फुलं, बिया, माती. मुलांनी तेच गोळा करायचं आणि त्याचेच गट करायचे.

काटकसर म्हणून झालेला हा बदल मला फार मोठा वाटतो. कसा, ते सांगतो. गुलाबी घनांमध्ये फरक एकच असतो, त्यामुळे लावण्याची योग्य रीतही एकच असते. ती साधन बनवणाऱ्याने आधीच ठरवलेली असते. मूठभर शिंपले घ्या. त्यांत लहान-मोठे आहेत, पांढरे-तपकिरी आहेत, गुळगुळीत आणि रेघांचे आहेत, अख्खे आणि फुटके आहेत. आता 'सारखे सारखे एकत्र ठेव' म्हटलं की मुलाला आधी ठरवावं लागतं, सारखे म्हणजे कशाने सारखे? रंगाने की आकाराने? पहिल्या पद्धतीत मूल नियम पाळायला शिकतं. दुसऱ्या पद्धतीत नियम करायला शिकतं. दोन्ही हवं. डोळा तयार व्हायला पहिलं लागतं. पण विचार तयार व्हायला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही. ताराबाई आणि अनुताई एवढंच डोळ्यांपुढे ठेवून शिंपल्यांकडे वळल्या, असं मी म्हणत नाही. त्यांना मुलांपर्यंत पोचायचं होतं. पण गरिबीतून निघालेली वाट कधी कधी श्रीमंतांच्या वाटेपेक्षा लांब जाते, ती अशी.

आता हे शिकवतात कसं, ते थोडं सांगायला हवं, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडं आहेत.

सुरुवात जोडीपासून होते. याच्यासारखं दुसरं शोध. चपलांची जोडी, बांगड्यांची जोडी. मग तीन सारख्यांत एक वेगळं ओळखायचं. मग दोनच गट: पानं इकडे, फुलं तिकडे. इथवर नियम मोठ्यांचा असतो. चार वर्षांच्या आसपास मुलाला मोकळं सोडायचं आणि विचारायचं, 'हे एकत्र का ठेवलंस?' हा 'का' सगळ्यांत महत्त्वाचा. कारण मुलाचा नियम हातात असतो, पण तोंडात नसतो. विचारलं की तो शब्दांत येतो. मग पुढची पायरी. सगळं पुन्हा एकत्र करायचं आणि म्हणायचं, 'आता दुसऱ्या तऱ्हेने लावता येईल का?' तेच चिंचोके, तीच बटणं, पण ढीग वेगळे.

घाई मात्र करायची नाही. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी १९५९ साली या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की अगदी लहान मुलं गट करतच नाहीत, चित्र करतात. तिकोनी तुकडा चौकोनावर ठेवतील आणि म्हणतील, हे घर. सारखे तुकडे वेगळे करा सांगितलं तर त्यांची आगगाडी करतील. ते चुकलेलं नसतं, ती त्या वयाची रीत असते. आणखी एक गंमत करून बघा. सहा झेंडू आणि दोन जास्वंदी ठेवा आणि विचारा, 'झेंडू जास्त आहेत की फुलं जास्त आहेत?' पाच वर्षांचं मूल बहुधा सांगेल, झेंडू जास्त. झेंडू हीसुद्धा फुलंच, हे त्याला माहीत असतं. पण लहान गट मोठ्या गटाच्या पोटात असतो, हे एकाच वेळी मनात धरणं त्याला सातव्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. आधी शिकवून पाठ करून घेतलं तर ते पाठच होईल.

या खेळावर पुढचं सगळं उभं राहतं. 'पाच' म्हणजे काय हे कळायला आधी मोजायच्या वस्तूंचा गट मनात वेगळा काढावा लागतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला बारीक फरक दिसायला आधी दोन शिंपल्यांतला फरक दिसावा लागतो. अक्षरओळख ही शेवटी निवडणंच आहे.

इथे एक धोकाही आहे. तो असा की, मोठ्यांना आपलीच रीत शहाणपणाची वाटते. १९३१-३२ साली रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांची चित्रं दाखवली आणि विचारलं, यांतलं वेगळं कुठलं? शाळेत गेलेला माणूस म्हणेल ओंडका, कारण बाकीची अवजारं. शेतकरी म्हणाले, वेगळं काहीच नाही. ओंडका नसेल तर करवतीचं करायचं काय? लुरियांनी याचा अर्थ असा लावला की, अमूर्त विचार शाळेनंतर येतो. पुढे पश्चिम आफ्रिकेत लायबेरियात, क्पेले लोकांमध्ये अभ्यासक गेले. तिथेही माणसांनी सुरी आणि संत्रं एकत्र ठेवलं, बटाटा आणि कुदळ एकत्र ठेवली. शहाणा माणूस असंच ठेवील, असं त्यांनी सांगितलं. शेवटी अभ्यासकांनी विचारलं, मग मूर्ख माणूस कसं ठेवील? त्याबरोबर त्यांनी खाण्याच्या वस्तू एकीकडे आणि अवजारं दुसरीकडे असे नेटके ढीग करून दाखवले. म्हणजे शाळेची रीत त्यांना येत होती. ती त्यांना शहाणपणाची वाटत नव्हती, इतकंच.

मुलांना गट करायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा लक्षात ठेवावा. एखाद्या मुलाने कांदा सुरीबरोबर ठेवला आणि टोमॅटोबरोबर ठेवला नाही, तर त्याला 'चूक' म्हणण्याआधी विचारावं, का रे बाबा?

तुर्भ्यातल्या एका बालवाडीत मी बालकविता म्हणायला अधूनमधून जातो. तिथे एकदा ताईंनी बटणांची टोपली मांडली होती. एका पाचेक वर्षांच्या मुलीने बटणांचे तीन ढीग केले. ताईंनी विचारलं, तर म्हणाली, 'हा मोठा, ही गोल्टी, हा खराब.' तिची आई कांदा निवडते. मुलीने आईचा बाजार बटणांना लावला होता. ताई हसल्या नाहीत की सुधारायला गेल्या नाहीत. 'छान निवडलंस,' म्हणाल्या, 'आता गोल्टी न बघता लावता येईल का?' मुलगी बराच वेळ बसून राहिली. मग तिने एक बटण उचलून डोळ्याला लावलं आणि नव्याने ढीग करायला घेतले. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. आणि 'खराब' ढिगातली चिरा गेलेली बटणं या वेळी दोन्हींकडे वाटली गेली. भोकं मोजायची ठरल्यावर चिरेचं काही महत्त्व राहिलं नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. आईचं निवडणं कौशल्याचं असतं, मुलीपेक्षा शंभरपट कौशल्याचं. पण तिचा नियम तिचा नाही. गोल्टी कुणाला म्हणायचं हे बाजार ठरवतो, आणि नियम बदलायला तिला वेळही नाही, मुभाही नाही. गोण्या वाट बघत असतात. बालवाडीत तोच ढीग पुन्हा एकत्र करता येतो आणि नव्या नियमाने लावता येतो. त्यात कुणाचं नुकसान होत नाही, कुणाची मजुरी कापली जात नाही. बालवाडी मुलाला एवढंच देते की, ढीग निसर्गाने केलेले नसतात, कुणीतरी काहीतरी बघून केलेले असतात, आणि दुसरं काही बघितलं तर ते दुसरे होतात.

हे वाटतं तितकं किरकोळ नाही. या मुलांची स्वतःचीच निवड फार लवकर होते. एकाच गल्लीतून सकाळी टाय लावलेलं पोर इंग्रजी नर्सरीच्या रिक्षात बसतं आणि शेजारचं पोर अंगणवाडीत जातं. तीन वर्षांच्या मुलांच्या आणि त्यांच्या आई-बापांच्या मुलाखती घेऊन प्रवेश देण्याची रीत आपल्या शहरांत पुष्कळ वर्षं होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी अशी चाळणी लावण्यास मनाई केली. पण फीची चाळणी आहे, भाषेची आहे, पत्त्याची आहे. नावाचीही आहे. मला कार्यक्रमांत आजही विचारतात, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याने नाव ऐकलेलं असतं आणि एक टोपली आधीच तयार असते. दोन भोकांची की चार भोकांची, हे बघायचं राहून जातं.

अंगणवाडी हा ताराबाईंचा शब्द २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजनेबरोबर सगळ्या देशाचा झाला. सुरुवातीला देशात ३३ प्रकल्प होते; आपल्या मेळघाटातलं धारणी त्यांतलं एक. आज ही जगातल्या मोठ्या बालविकास योजनांपैकी एक आहे. आहार, वजन, लसीकरण, गरोदर मातांची नोंद आणि त्याबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षण, असं सगळं एका ताईच्या आणि एका मदतनीस बाईच्या अंगावर असतं. वह्या होत्या, आता मोबाइलवर नोंदी आहेत. खिचडी वेळेवर झाली नाही तर विचारणा होते. बटणांची टोपली मांडली नाही तर होत नाही. मग टोपली मागे पडते. त्यात पालकांचा आग्रह असतो की, एबीसीडी लिहून घ्या. त्यांचंही चुकत नाही. वहीत लिहिलेलं 'ए' घरी दाखवता येतं, बदललेला नियम दाखवता येत नाही.

अंगणवाडीताईंचीही एक टोपली शासनाने ठरवलेली आहे. त्या कर्मचारी नाहीत, मानसेवी आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आहे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या ताईंना मानधनासाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर जावं लागलं. जिच्याकडून आपण मुलांना नवा नियम करायला शिकवण्याची अपेक्षा धरतो, तिला कुठल्या नावाने मोजायचं हा जुना नियम बदलायला आपल्याला इतकी वर्षं लागतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिक्षण असा शब्द वापरला. अंगणवाड्यांसाठी 'आधारशिला' नावाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम २०२४ साली आला. जुळवणं, गट करणं, क्रम लावणं हे सगळं अशा अभ्यासक्रमांत असतं, आणि ते योग्यच आहे. पण कागदावर ते कौशल्यांच्या यादीत बसतं, अमुक वयात अमुक आलं की खूण करायची. बोर्डीच्या अंगणात ते यादीत नव्हतं. तिथे ज्या मुलांना गावाने आधीच बाजूला काढलेलं होतं, त्यांच्या हातात शिंपले दिले गेले आणि सांगितलं गेलं, आता तुम्ही लावा.

आपल्या घरातल्या मुलांसाठी यात खर्च काहीच नाही. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, धुतलेले मोजे, भाजीच्या पिशवीतलं सामान, काहीही चालतं. अगदी लहान मुलं वस्तू तोंडात घालतात, तेव्हा त्यांच्यासाठी मोठ्या वस्तू घ्या आणि जवळ बसा. आधी मुलाला त्याच्या मनाप्रमाणे लावू द्या. का, ते विचारा. मग सगळं एकत्र करून दुसरी रीत विचारा. एखादी वस्तू कुठल्याच ढिगात बसत नसेल, तर ती उचलून ठेवू नका. तिचं काय करायचं, तेही त्यालाच ठरवू द्या. आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. आमच्या तुर्भ्यातली ती मुलगी बटण डोळ्याला लावेपर्यंत ताई थांबल्या होत्या. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि खिचडीची वेळ झाली होती, तरीही.